काल्पनिक अवकाशयानात चुंबकीय लिफ्ट कशी बसवावी: नव्या विज्ञानकथाकारांसाठी मार्गदर्शन

विज्ञानकथा लिहू लागलेले अनेक जण इंजिने, शस्त्रे आणि दूरचे ग्रह यांच्यावर पानेच्या पाने लिहितात. पण यानातली माणसे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कशी पोहोचतात, हे मात्र ‘लिफ्टने गेली’ एवढ्यावरच उरकतात. शेकडो माणसांची वस्ती असलेल्या यानात लिफ्ट ही सगळ्यांची रोजची वाट असते. ती विचारपूर्वक उभी केली, तर यानाचा आकार, त्याचे फिरणे, त्याची वीज आणि हवा या गोष्टी वाचकाला वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. अशी लिफ्ट कागदावर कशी उभी करायची, ते या लेखात पायरीपायरीने पाहू. त्यासाठी लागणारी आकडेमोड शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडे जात नाही आणि ती टाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण लिफ्टचे खरे नियम त्या आकडेमोडीतूनच हाती लागतात.

इमारतीतली दोरीची लिफ्ट यानात का चालत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. ती लिफ्ट वजनाच्या भरवशावर काम करते. डब्याच्या वजनाने दोरी ताणलेली राहते, दुसऱ्या बाजूचे प्रतिवजन डब्याला तोलून धरते आणि मोटरला फक्त या दोहोंमधल्या फरकापुरते कष्ट पडतात. वजनच नसले की दोरी सैल पडून तरंगू लागते आणि प्रतिवजनाला काही अर्थ उरत नाही. शिवाय एका दोरीवर एकच डबा चालतो आणि तो एकाच सरळ रेषेत जातो. चुंबकीय लिफ्टला दोरी नसते. डब्याला ढकलणारे बळ मार्गिकेतच असते. त्यामुळे एका मार्गिकेवर अनेक डबे चालू शकतात आणि त्यांना वळताही येते.

पहिली पायरी: वजन कुठून येते ते ठरवा

चुंबकांचा विचार करण्याआधी हा निर्णय घ्यायला हवा. यानात माणसाचे पाय जमिनीला कशामुळे टेकतात, या प्रश्नाची प्रामाणिक उत्तरे तीनच आहेत. एक म्हणजे ते टेकतच नाहीत; यान मुक्तपणे तरंगत आहे आणि आतली माणसेही. दुसरे म्हणजे इंजिन सतत चालू असल्यामुळे यानाची गती वाढत राहते आणि इंजिनाची बाजू हीच ‘खाली’ ठरते. तिसरे म्हणजे यान, किंवा त्याचा चाकासारखा एखादा भाग, स्वतःभोवती फिरतो आणि परिघाकडची बाजू ‘खाली’ होते.

तरंगत्या यानात लिफ्टला डबा उचलून धरावा लागत नाही, फक्त मार्गिकेच्या मध्यावर ठेवावा लागतो. मात्र डबा निघाला की मागची भिंत प्रवाशाची जमीन होते आणि थांबू लागला की पुढची. म्हणून दोन्ही भिंतींना गादी हवी आणि चहूबाजूंना धरायला दांडे हवेत. सतत जोर लावणाऱ्या यानात लिफ्ट जवळपास इमारतीतल्यासारखी वागते. पण इंजिन अचानक बंद पडले तर डब्यातली माणसे क्षणात तरंगू लागतील आणि यान वळून उलट दिशेने गती कमी करू लागले तरी ‘खाली’ इंजिनाकडेच राहील, या दोन गोष्टी विसरू नयेत. फिरत्या यानाचा विषय सर्वांत समृद्ध आहे आणि नवखे लेखक सर्वाधिक चुकतात तेही तिथेच. म्हणून पुढचे बहुतेक विवेचन त्यालाच धरून केले आहे.

दुसरी पायरी: यानाची मापे घ्या आणि वेगाची मर्यादा काढा

एक नमुना यान घेऊ. त्याचे मोठे चाक २२४ मीटर त्रिज्येचे आहे आणि मिनिटाला दोन फेऱ्या घेते. या मापाला परिघावरच्या माणसाला जवळजवळ पृथ्वीइतकेच वजन जाणवते. चाकाच्या मध्यभागी तुंबा आहे, तिथे वजन शून्य. तुंब्यापासून परिघापर्यंत जाणारे आरे म्हणजेच लिफ्टचे शाफ्ट.

आता तुंब्यातून एक प्रवासी आऱ्यावाटे परिघाकडे निघाला. तुंब्यात त्याला बाजूच्या दिशेने काहीच वेग नव्हता. परिघावर पोहोचेपर्यंत मात्र त्याला चाकाबरोबर सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजे ताशी १६९ किलोमीटर वेगाने फिरावे लागणार आहे. हा वेग त्याला शाफ्टची भिंत देते, सतत बाजूने ढकलत. डब्यातल्या माणसाला मात्र आपणच उलट बाजूला फेकले जात आहोत असे वाटते. यालाच कोरिओलिस परिणाम म्हणतात आणि तो डब्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या यानात डबा सेकंदाला ५ मीटर गेला, तर हा आडवा जोर पृथ्वीवरच्या वजनाच्या सुमारे एक-पंचमांश होतो. उंच इमारतींतल्या जलद लिफ्टसारखा सेकंदाला १७ मीटर गेला, तर तो वजनाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास पोहोचतो आणि उभा माणूस भिंतीवर आपटतो.

याचा अर्थ असा की आऱ्यातल्या लिफ्टचा वेग मोटरची ताकद ठरवत नाही, यानाचे फिरणे ठरवते. तुमच्या कथेतली मोटर कितीही प्रगत असली, तरी या मर्यादेतून सुटका नाही. आडवा जोर वजनाच्या एक-दशांशापर्यंत चालेल असे धरले, तर वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर येतो आणि २२४ मीटरचा प्रवास दीड मिनिटाहून थोडा जास्त चालतो.

हीच गोष्ट दिशेनुसार बदलते, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परिघाच्या कडेकडेने, फिरण्याच्याच दिशेने सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणाऱ्या डब्यात माणसाचे वजन सुमारे सव्वापट होते. उलट दिशेने जाताना ते साधारण एक-पंचमांशाने घटते. यानाच्या आसाला समांतर जाणाऱ्या डब्यावर मात्र कोरिओलिसचा काहीच परिणाम होत नाही. तिथे वेगाला बंधन फक्त उभ्या प्रवाशाच्या तोलाचे. सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद या हिशेबाने वेग वाढवत १५ मीटर प्रतिसेकंदापर्यंत नेला आणि तसाच उतरवला, तर आसाच्या दिशेने पूर्ण एक किलोमीटर ८२ सेकंदांत कापता येतो. म्हणजे आऱ्यातून २२४ मीटर जाण्यापेक्षा यानाच्या लांबीवरून एक किलोमीटर जाणे लवकर होते. यानाचा नकाशा काढताना रुग्णालय, नियंत्रणकक्ष आणि झोपण्याच्या खोल्या कुठे ठेवायच्या, हे या एका फरकावरून ठरवावे. त्यातून यानाला स्वतःची अशी रीत मिळते.

तिसरी पायरी: डबा अधांतरी कसा राहतो ते निवडा

नुसती कायमची चुंबके समोरासमोर ठेवून डबा हवेत स्थिर राहत नाही. इंग्रज गणितज्ञ सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच गणिताने दाखवून दिले की अशा स्थिर बळांच्या मांडणीत वस्तू कुठल्या ना कुठल्या दिशेला घसरतेच. म्हणून ‘शक्तिशाली चुंबकांमुळे डबा तरंगत होता’ एवढे लिहून भागत नाही. तो घसरू नये यासाठी काय केले आहे, ते ठरवावे लागते.

पहिला मार्ग आकर्षणाचा. डब्यावरचे विद्युतचुंबक मार्गिकेतल्या लोखंडी पट्टीकडे ओढले जातात आणि सेन्सर मधले अंतर सतत मोजत राहतात. अंतर कमी झाले की चुंबकातला प्रवाह क्षणार्धात घटवला जातो, वाढले की वाढवला जातो. जर्मन अभियंते हेरमान केम्पर यांनी या तत्त्वावरच्या गाडीचे जर्मन पेटंट १९३४ मध्ये मिळवले आणि २००४ पासून प्रवासी सेवेत असलेली शांघायची ३० किलोमीटरची चुंबकीय रेल्वे याच पद्धतीने चालते. तिथे फट सुमारे एक सेंटिमीटरची असते. या पद्धतीचा मोठा गुण असा की डबा थांबलेला असतानाही तरंगतो.

दुसरा मार्ग प्रतिकर्षणाचा. डब्यावर अतिवाहक, म्हणजे विजेला जराही विरोध न करणाऱ्या तारांचे चुंबक असतात. ते मार्गिकेतल्या कॉइलजवळून वेगाने जाताना त्या कॉइलमध्ये प्रवाह उत्पन्न होतो आणि तोच डब्याला उचलतो. जपानच्या प्रायोगिक गाडीने याच पद्धतीने २०१५ मध्ये ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला. फट सुमारे दहा सेंटिमीटर असल्यामुळे बारीकसारीक हादऱ्यांची भीती कमी; पण ताशी १५० किलोमीटरच्या आसपास पोहोचेपर्यंत ती गाडी चाकांवरच धावते. सेकंदाला अडीच मीटर जाणाऱ्या लिफ्टला ही पद्धत निरुपयोगी आहे. शिवाय अतिवाहकांना फार थंड ठेवावे लागते. नायोबियम-टायटॅनियम या मिश्रधातूची कॉइल द्रवरूप हेलियमच्या, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या जवळपास ठेवतात आणि तिचे तापमान चुकून वाढले तर तिची अतिवाहकता एकाएकी नाहीशी होते.

म्हणून यानातल्या लिफ्टसाठी आकर्षणाची पद्धत घ्यावी, असे माझे मत आहे. बर्मिंगहॅमच्या विमानतळावर १९८४ ते १९९५ या काळात चाललेली छोट्या पल्ल्याची, कमी वेगाची चुंबकीय गाडीही याच जातीची होती आणि यानातल्या लिफ्टला शांघायच्या गाडीपेक्षा तीच जास्त जवळची आहे. आऱ्यातल्या डब्याचे वजन मुख्यतः मोटर पेलते. बाजूचे चुंबक फक्त डबा मध्यावर राखतात आणि कोरिओलिसचा आडवा जोर सोसतात. एक हजार किलोग्रॅमच्या डब्यावर, वर ठरवलेल्या वेगाला, हा जोर सुमारे एक हजार न्यूटन असतो. परिघाकडे जाताना तो एका बाजूच्या चुंबकांवर येतो आणि तुंब्याकडे येताना दुसऱ्या. देखभाल करणाऱ्या पात्राला हे ठाऊक असायला हवे.

चौथी पायरी: डबा पुढे कसा सरकतो

इथे लागते ती लिनिअर मोटर. नेहमीच्या मोटरचा गोल भाग कापून सरळ उलगडला, तर फिरणारे चुंबकीय क्षेत्र सरळ रेषेत धावणारे क्षेत्र बनते. मार्गिकेच्या लांबीभर कॉइल बसवलेल्या असतात, डब्यावर चुंबक असतात आणि कॉइलमधून धावणारी चुंबकीय लाट डब्याला आपल्याबरोबर नेते. लाटेची गती वाढवली की डब्याची वाढते, लाट उलटी केली की डबा उलटा येतो. सगळ्या मार्गिकेत एकाच वेळी वीज सोडत नाहीत. डबा ज्या तुकड्यात आहे, तेवढाच तुकडा आणि त्याच्या पुढचा एक चालू केला जातो.

पृथ्वीवर अशी लिफ्ट प्रत्यक्षात उभी राहिली आहे. थिसेनक्रुप या जर्मन कंपनीने रॉटवाइल येथील २४६ मीटर उंचीच्या चाचणी मनोऱ्यात २०१७ मध्ये बिनदोरीची लिफ्ट चालवून दाखवली. एका शाफ्टमध्ये अनेक डबे आणि उभ्या मार्गावरून आडव्या मार्गावर वळणे या दोन्ही गोष्टी तिच्यात होत्या. वळण्यासाठी मार्गिकेचाच एक तुकडा गोल फिरतो आणि डब्याची बैठक त्याच्याबरोबर नव्या दिशेला वळते, पण डबा स्वतः सरळच राहतो. तुमच्या यानात आरा जिथे परिघाला मिळतो, तिथे नेमकी हीच रचना योजता येते.

विजेचा हिशेबही करावा. परिघाजवळ एक हजार किलोग्रॅमचा डबा सेकंदाला अडीच मीटर वर चढवायला सुमारे २५ किलोवॅट शक्ती लागते. तुंब्याकडे वजन कमी होत जाते तशी ती घटते. पूर्ण चढाईला साधारण १.१ मेगाजूल ऊर्जा लागते. हाच डबा खाली उतरताना मोटर जनित्राचे काम करते आणि बरीचशी ऊर्जा परत मिळते. एक डबा उतरत असतानाच दुसरा चढवला, तर दोरी नसूनही प्रतिवजनाचा फायदा तारांमधून मिळतो. डबा मजल्यावर उभा असताना मात्र मोटरवर तोलून ठेवू नये, कारण त्यात वीज जाते आणि कॉइल तापतात. तिथे यांत्रिक खटका लागलाच पाहिजे.

पाचवी पायरी: थांबणे आणि बिघडणे

लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक शोधणारे एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः लिफ्टच्या फलाटावर उभे राहून दोर कापून घेतला आणि फलाट जागीच थांबवून दाखवला. त्यानंतर लोकांचा लिफ्टवर विश्वास बसत गेला. तुमच्या यानातल्या लिफ्टलाही वीज गेली तर काय होईल, याचे तितकेच स्पष्ट उत्तर द्यावे लागेल.

उत्तर तीन थरांचे ठेवावे. रोजच्या थांबण्यासाठी मोटरच उलट जोर लावते. वीज गेली तर डब्यावरची कायमची चुंबके मार्गिकेतल्या तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीजवळून जाताना तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण करतात आणि ते डब्याला मागे खेचतात. या ब्रेकला वीज लागत नाही. पण वेग कमी झाला की त्याचा जोरही कमी होतो, त्यामुळे तो डब्याला पुरते थांबवू शकत नाही, फक्त हळू सरकवत ठेवतो. म्हणून शेवटचा थर स्प्रिंगच्या ब्रेकचा: स्प्रिंग त्याला कायम आवळून धरते आणि वीज त्याला सोडवून ठेवते. वीज गेली की तो आपोआप आवळतो. हा क्रम कथेत उलटा करू नये. विजेवर आवळणारा ब्रेक संकटाच्या वेळी नेमका हाताशी नसतो.

वाहतुकीचे नियंत्रण रेल्वेसारखे तुकड्यातुकड्यांचे असावे, म्हणजे पुढचा तुकडा रिकामा असल्याशिवाय डबा त्यात शिरणार नाही. यानात यात एक जादा अट येते. शाफ्ट अनेक हवाबंद विभागांमधून जातो; एखाद्या विभागातली हवा गळू लागली तर सीमेवरचे दार बंद व्हायला हवे, आणि ते दार डब्यावर आदळता कामा नये. त्यामुळे दाराच्या खाली कोणताही डबा कधीही थांबणार नाही, असा नियम नियंत्रणातच बसवावा.

सहावी पायरी: हवा, उष्णता आणि लोखंडाचा कीस

शाफ्टमध्ये हवा असेल तर डबा ती पुढे ढकलत जातो आणि मागे ओढ निर्माण होते. मग बाजूने हवा परत जायला वाट ठेवावी लागते. पोकळी ठेवली तर हा त्रास नाही, पण प्रत्येक थांब्यावर हवाबंद जोडणी लागते आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढणे फार अवघड होते. माणसांसाठी हवेचा शाफ्ट आणि मालासाठी पोकळीचा, अशी विभागणी करता येईल.

तुंब्याजवळ डबा अडकला तर एक धोका सहज सुचत नाही. वजन नसलेल्या जागी गरम हवा वर चढत नाही, त्यामुळे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड माणसाच्या तोंडाभोवतीच साठू लागतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात म्हणूनच हवा सतत खेळती ठेवावी लागते. तुमच्या डब्यातला पंखा त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हवा. आगीच्या बाबतीतही हाच फरक लागू होतो: परिघाजवळ धूर शाफ्टमधून तुंब्याकडे चढत जाईल, तर तुंब्यात तो पंख्यांच्या वाऱ्याबरोबर जिकडे नेला जाईल तिकडे जाईल.

मोटरच्या कॉइलमध्ये तयार होणारी उष्णता बाहेरच्या पोकळीत आपोआप जात नाही. ती एखाद्या द्रवातून वाहून नेऊन यानाबाहेरच्या पंखांवरून प्रारणाच्या रूपाने सोडावी लागते. अवकाश स्थानकाच्या बाहेरच्या नळ्यांमध्ये यासाठी अमोनिया फिरवतात. डब्यावरची नियोडिमियम चुंबकेही जपावी लागतात, कारण त्यांचे साधे प्रकार ८० अंश सेल्सियसच्या पुढे आपली ताकद गमावू लागतात. गर्दीच्या वेळी लिफ्ट संथ का होते, याचे खरे कारण कथेत हे देता येईल.

लोखंडाचा कीस ही छोटी दिसणारी पण चिवट अडचण आहे. कार्यशाळेत कुणी पत्रा घासला की त्यातले कण तुंब्याच्या हवेत तरंगत राहतात, चुंबकांपाशी येतात आणि एक सेंटिमीटरच्या फटीत काट्यांसारखे उभे राहतात. अंतर मोजणाऱ्या सेन्सरला ते चुकीचे आकडे देतात आणि डबा बारीक थरथरू लागतो. रोज सकाळी मार्गिकेवरून चिकट रबराची पट्टी फिरवणारा कामगार तुमच्या यानात असू द्या. त्याच्या कामाला वाचक लगेच ओळखतील.

सातवी पायरी: यानावर होणारा परिणाम

डबा पुढे ढकलला की यान मागे ढकलले जाते. एक हजार किलोग्रॅमचा डबा १०० मीटर गेला, तर १०,००० टनांचे यान एक सेंटिमीटर उलट सरकते. डबा थांबला की यानही थांबते. हा परिणाम दुर्बिणीसारख्या नाजूक उपकरणांनाच जाणवेल. फिरत्या चाकाचे मात्र तसे नाही. तोच डबा परिघावर जाऊन उभा राहिला की यानाचे वस्तुमानकेंद्र दोन सेंटिमीटरहून थोडे अधिक त्या बाजूला सरते आणि चाक डगमगू लागते. म्हणून समोरासमोरच्या आऱ्यांतले डबे जोडीने चालवावेत. जोडीदार नसेल तेव्हा परिघाच्या टाक्यांतले पाणी पंपाने विरुद्ध बाजूला न्यावे.

शेवटची पायरी: एक फेरी सेकंदासेकंदाने लिहून काढा

सगळे ठरल्यावर एक प्रवास पूर्ण मांडावा. आपल्या नमुना यानात डबा तुंब्यातून निघतो आणि पाच सेकंदांत सेकंदाला अडीच मीटरचा वेग घेतो. या पाच सेकंदांत तो ६.२५ मीटर जातो, आणि तिथले वजन इतके कमी असते की डब्याच्या धक्क्यामुळे प्रवासी चक्क छताकडे ढकलला जातो. म्हणून सुरुवातीला पट्टा बांधलेला असलाच पाहिजे. वेग स्थिर झाला की छताकडची ओढ नाहीशी होते आणि आडवा जोर वरचढ ठरतो: त्या क्षणी प्रवाशाला ‘खाली’ वाटणारी दिशा डब्याच्या जमिनीच्या दिशेपासून सुमारे ७५ अंश कललेली, म्हणजे जवळजवळ बाजूच्या भिंतीत असते. बाराव्या सेकंदाला, तुंब्यापासून २४ मीटरवर, ती ४५ अंशांवर येते. निम्म्या वाटेवर, ४७ व्या सेकंदाला, कल १२ अंशांचा उरतो आणि परिघाजवळ सहाचा. शेवटच्या पाच सेकंदांत डबा थांबू लागतो तेव्हा वजन क्षणभर थोडे वाढते, आडवा जोर विरतो आणि सुमारे ९५ व्या सेकंदाला दार उघडते.

हा कल झेलण्यासाठी आसनांची चौकट झोपाळ्यासारखी टांगावी, म्हणजे ती आपोआप त्या त्या क्षणीच्या ‘खाली’ दिशेला वळत राहील. जाताना ती फिरण्याच्या उलट बाजूच्या भिंतीकडे झुकते आणि परतीच्या फेरीत दुसऱ्या भिंतीकडे, तेव्हा तिला दोन्ही बाजूंना ७५ अंशांपर्यंत मोकळे फिरता येईल इतकी रुंदी डब्याला ठेवावी. तुंब्याकडे थांबतानाही प्रवासी पुन्हा छताकडे ढकलला जातो. त्यामुळे पट्टे सोडण्याची सूचना डबा पूर्ण थांबून खटका बसल्यानंतरच द्यावी आणि दार त्यानंतर उघडावे.